घर मालकाचं, सामान भाडेकरूचं. मग विमा कुणी काढायचा?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जून जवळ आला की आपल्या दैनिकात नालेसफाई, धरणांतला पाणीसाठा, पूरनियंत्रण कक्ष यांच्या बातम्या येऊ लागतात. त्या यायलाच हव्यात. पण पाणी शिरतं त्या घरांत भाडेकरू किती तरी असतात आणि त्यांच्या सामानाचं काय, हा प्रश्न माझ्या तरी वाचनात कधी आला नाही. मी स्वतः सांगलीत भाड्याच्या घरात राहते. निवृत्त होईपर्यंत सार्वजनिक क्षेत्रातल्या एका सर्वसाधारण विमा कंपनीच्या क्लेम विभागात होते. त्यामुळे हा प्रश्न मी टेबलाच्या दोन्ही बाजूंनी पाहिला आहे, आणि त्याबद्दल सविस्तर लिहिण्याची परवानगी मागते.

ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४५ फूट. सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर, काकानगर, कर्नाळ रोड इथे पाणी नेहमीच आधी येतं. त्या वर्षी गावभाग, मारुती चौक, टिळक चौकही बुडाले. पाणी ओसरल्यावर आमच्या ऑफिसात माणसांची रीघ लागली. त्यात गावभागातल्या तळमजल्यावर भाड्याने राहणारी एक बाई होती. घरमालकाने दिलेली पॉलिसीची झेरॉक्स तिने प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून आणली होती. सोबत मुलीच्या वहीतलं फाडलेलं एक पान: फ्रीज, मिक्सर, टीव्ही, दोन गाद्या, गव्हाचं पोतं, प्लायवूडचं कपाट (फुगून दार निघत नाही), मुलीची बारावीची पुस्तकं. प्रत्येक वस्तूपुढे तिने किंमत लिहिली होती आणि खाली बेरीज केली होती. बेरीज लाखाच्या पुढे गेली होती.

ती पॉलिसी बँकेने गृहकर्ज देताना मालकाकडून काढून घेतलेली होती. विमा इमारतीचा, लाभ मालकाचा आणि बँकेचा. भिंतींना पडलेल्या भेगा, निघालेलं प्लॅस्टर, जळालेलं वायरिंग यांचे पैसे मालकाला मिळाले. तिच्या वहीच्या पानावरच्या एकाही वस्तूचा त्या पॉलिसीशी संबंध नव्हता, आणि हे तिला सांगायचं काम माझ्याकडे होतं. तिला मिळालं ते शहरी पूरग्रस्त कुटुंबांना सरकारने दिलेलं १५ हजारांचं सानुग्रह अनुदान. "मग आमचा विमा कुठं काढायचा असतो?" असं तिने विचारलं. रागाने नव्हे, खरंच माहीत नव्हतं म्हणून. आज इतक्या वर्षांनीही माझ्या शेजारपाजारच्या दहा भाडेकरूंना विचारलं तर नऊ जण हेच विचारतील.

हा विमा तेव्हाही होता. 'हाउसहोल्डर्स पॉलिसी' या नावाने वेगवेगळ्या कंपन्यांची, वेगवेगळ्या कलमांची पॅकेजं मिळत. १ एप्रिल २०२१ पासून विमा नियामक 'इर्डा'ने एक चांगलं काम केलं. 'भारत गृह रक्षा' या नावाची एकसारखी पॉलिसी आगीचा विमा करणाऱ्या सगळ्या कंपन्यांना विकायला लावली. आग, वीज पडणं, भूकंप, वादळ, पूर, दरड कोसळणं, दंगल, पाण्याची टाकी किंवा पाइप फुटणं हे सगळं तिच्यात मुळातच धरलेलं आहे. इमारतीचा विमा नको, फक्त सामानाचा हवा, असं म्हणता येतं. भाडेकरूला हवं ते नेमकं एवढंच.

खर्च ऐकून लोकांना आधी विश्वास बसत नाही. आमच्या दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. घरात आम्ही दोघं. सामानाची विमा रक्कम ४ लाख धरली आहे आणि घरफोडीचं जादा कलम घेतलं आहे. गेल्या वर्षी भरलेला हप्ता जीएसटी धरून हजाराच्या आत होता. कंपनी, शहर, मजला, विमा रक्कम यांनुसार हा आकडा बदलेल. कुणाला सहाशे पडतील, कुणाला दीड हजार. पण भाडेकरारासाठी आपण काय मोजतो ते आठवून पाहा. घर दाखवणाऱ्या एजंटला बहुधा एका महिन्याचं भाडं, महापालिका हद्दीत नोंदणी फी एक हजार, वर मुद्रांक शुल्क, डिपॉझिट, टेम्पोचं भाडं, हमालांचे पैसे. या सगळ्या खर्चात जे सामान आपण त्या टेम्पोतून आणलं, त्याच्यासाठी एक रुपयाही नसतो.

विम्याचे एजंट हे का सांगत नाहीत, तेही सांगते. आठशे रुपयांच्या पॉलिसीवर त्यांना मिळणारं कमिशन पेट्रोललाही पुरत नाही. तेवढ्याच वेळात ते आरोग्य विमा किंवा मोटारीचा विमा विकतात. त्यांना मी दोष देत नाही, त्यांनाही संसार आहे. पण म्हणूनच ही माहिती वर्तमानपत्रातून यायला हवी.

आता पैसे वाचवण्याबद्दल. स्वस्त वस्तूवर आणखी काय वाचवायचं, असं कुणी म्हणेल. पण ज्यांचं भाडंच पगाराचा तिसरा हिस्सा खातं त्यांना दोनशे रुपयेही दिसतात. शिवाय आमच्या ऑफिसात मी जे पाहिलं ते असं, की लोक जास्त पैसे भरत आणि तेही नको त्या गोष्टींना.

सगळ्यात मोठी उधळपट्टी म्हणजे भाडेकरूने इमारतीसह पॅकेज घेणं. ऑनलाइन फॉर्म भरताना 'घर मालकीचं की भाड्याचं' हा प्रश्न घाईत चुकीचा भरला जातो आणि तीस लाखांच्या इमारतीचा हप्ता बसतो. त्या इमारतीत तुमचं विमायोग्य हितच नाही, म्हणजे ती पडली तरी बुडणारे पैसे मालकाचे. नुकसान झालं तरी तुम्हाला त्यातलं काही मिळणार नाही. सोसायटीचा सामायिक विमा असेल तर तोही इमारतीचा, लिफ्टचा, पंपाचा. मालकाने स्वतःची 'गृह रक्षा' घेतली असेल तर त्याला इमारतीच्या विमा रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत, सामानाचं संरक्षण आपोआप मिळतं, पण ते त्याच्या सामानाचं. भाडेकरूने स्वतंत्र 'फक्त सामान' अशी पॉलिसी मागूनच घ्यावी लागते.

दुसरी गोष्ट विमा रकमेची. पूर्वी लोक घाबरून रक्कम फुगवत, कारण जुन्या पॉलिसीत सरासरीचं कलम असे. घरात सामान ६ लाखांचं, विमा ३ लाखांचा आणि नुकसान १ लाखाचं झालं, तर कंपनी ५० हजारच देई, कारण विमा निम्म्याचाच होता. 'भारत गृह रक्षा'त हे कलम काढून टाकलं आहे. म्हणजे विमा रकमेच्या मर्यादेत जेवढं नुकसान तेवढी भरपाई. त्यामुळे आकडा फुगवायची गरज नाही आणि फुगवून मिळतही नाही, कारण भरपाई नुकसानीएवढीच मिळते. एका रविवारी खोलीत उभं राहून यादी करावी. गीझर, पंखे, ट्यूबलाइट, मॉड्युलर किचन मालकाचं असेल तर ते धरू नये. फर्निश्ड घरात सोफा आणि पलंगही मालकाचेच असतात. आपलं म्हणजे फ्रीज, वॉशिंग मशीन, टीव्ही, लॅपटॉप, गाद्या, भांडी, कपडे, मिक्सर, कूलर. बायका भांडी आणि कपडे हटकून कमी धरतात. स्टीलचा एक डबा आज कितीला येतो ते दुकानात विचारा आणि मग आपली मांडणी मोजा. किंमत त्या वस्तूची आज नवी किंवा तशीच दुसरी घ्यायला लागेल तेवढी धरायची.

तिसरी गोष्ट, दागिने. घरसामानाच्या विम्यात सोनंनाणं आपोआप येत नाही, रोख रक्कम तर नाहीच. दागिन्यांसाठी वेगळं ऐच्छिक कलम आहे. एकूण ५ लाखांपर्यंत आणि एकेक डाग १ लाखाच्या आतला असेल तर मूल्यांकनाचा दाखला लागत नाही. पण हे कलम हप्ता भराभर वाढवतं. रोजच्या वापरातलं मंगळसूत्र आणि बांगड्या सोडून बाकीचं लॉकरमध्ये असेल, तर त्याच्यासाठी हे कलम घेण्यात अर्थ नाही. मात्र नदीकाठच्या लोकांनी एक लक्षात ठेवावं. रिझर्व्ह बँकेच्या १ जानेवारी २०२२ पासूनच्या नियमानुसार चोरी, दरोडा, आग, इमारत कोसळणं किंवा कर्मचाऱ्याची लबाडी यांत लॉकरमधलं गेलं तर बँकेची जबाबदारी लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या १०० पटींपर्यंत. पूर आणि भूकंप यांत ती जबाबदारी नाही. सांगलीत लॉकर घ्यायचा तर बँकेची तिजोरी कुठल्या मजल्यावर आहे हे आधी पाहा.

जोडकलमांबद्दल थोडक्यात. टीव्ही-फ्रीज बिघडण्याचं कलम वॉरंटी चालू असताना घेऊ नये. अपघात विम्याचं कलम समोर आलं तर आधी पाहा की प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचे वर्षाला २० रुपये तुमच्या खात्यातून कापले जातात का. जात असतील तर २ लाखांचं अपघाती संरक्षण तुमच्याकडे आहेच. घरफोडीचं कलम मात्र मी वगळू नका म्हणेन. मूळ पॉलिसीत साधी घरफोडी नाही, आणि हे बहुतेकांना क्लेमच्या वेळीच कळतं. गावाला गेलो आणि कुलूप तोडून टीव्ही नेला, तर जोडकलमाशिवाय काही मिळत नाही.

चोरीबद्दल आणखी एक गोष्ट आहे आणि ती मला या पत्रातली सगळ्यांत महत्त्वाची वाटते. मूळ पॉलिसीत एक प्रकारची चोरी धरलेली आहे: पूर, आग, भूकंप अशी विम्यातली आपत्ती आली आणि तिच्यामुळे सात दिवसांच्या आत चोरी झाली, तर ती. आता सांगलीत २०१९ ला आणि पुन्हा २०२१ ला काय झालं ते आठवा. होडी दारात आली तरी माणसं घर सोडत नव्हती. सांगणारे कळवळून सांगत होते आणि आतून उत्तर येत होतं, "आम्ही गेलो तर मागं घर कोण बघणार?" आमच्याच गल्लीत एक आजोबा रात्रभर पोटमाळ्यावर बसून राहिले, खाली कंबरभर पाणी. त्यांना कुणी तरी आधी सांगितलं असतं, की बाबा, कुलूप घालून निघा, विमा असेल तर मागे सात दिवसांत झालेल्या चोरीची भरपाई आहे, तर ते पहिल्या होडीत बसले असते. आपत्ती व्यवस्थापनाच्या बैठकांत हे कलम वाचून दाखवायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

कंपनी निवडताना पैसे वाचवणं आता सोपं झालं आहे. पॉलिसीचा मजकूर सगळ्यांचा एकच, त्यामुळे तेवढ्याच रकमेची, त्याच कलमांची तीन-चार कंपन्यांची किंमत शेजारी ठेवून पाहता येते. सार्वजनिक क्षेत्रातल्या चार कंपन्यांचाही त्यात विचार करावा. काही कंपन्या थेट स्वतःच्या संकेतस्थळावरून घेतल्यास सूट देतात. थोडं नुकसान स्वतः सोसायची तयारी दाखवली तर जोडकलमांचा हप्ता कुठे कुठे कमी होतो. लोखंडी जाळी, रखवालदार यांचीही काही ठिकाणी सूट असते. विचारल्याशिवाय कुणी देत नाही, म्हणून विचारावं.

मुदतीबाबत एजंट हमखास गळ घालतात. ही पॉलिसी दहा वर्षांपर्यंतची मिळते आणि जास्त वर्षांची घेतली तर वर्षाकाठी स्वस्त पडते. घर स्वतःचं असेल तर जरूर घ्यावी. आपले करार अकरा महिन्यांचे. मालकाच्या मुलाचं लग्न ठरलं की आपण बाहेर. तेव्हा भाडेकरूने साधारणपणे एका वर्षाची घ्यावी, किंवा जास्त वर्षांची घेतली तर पत्ता बदलून मिळतो का हे आधी लेखी विचारावं. घर बदलल्याबरोबर कंपनीला कळवून पॉलिसीवर नव्या पत्त्याचं एंडोर्समेंट, म्हणजे बदलाची अधिकृत नोंद, करून घ्यावं. विमा त्या पत्त्यावरच्या सामानाचा असतो; जुन्या पत्त्याची पॉलिसी नव्या घरातल्या आगीत कामाला येत नाही. आणि पॉलिसी नकोच झाली तर 'इर्डा'च्या २०२४ च्या नियमांप्रमाणे कारण न देता रद्द करून, क्लेम घेतलेला नसेल तर, उरलेल्या काळाचा हप्ता परत मागता येतो. हा हक्क फार कमी लोक वापरतात.

काही संरक्षण तर आपल्याला फुकट असतं, फक्त कागद नीट नसतात. स्वयंपाकाच्या गॅसचं घ्या. तेल कंपन्यांनी ग्राहकांसाठी सामूहिक विमा काढलेला असतो. सिलिंडरच्या अपघातात मृत्यू झाल्यास ६ लाख आणि मालमत्तेच्या नुकसानीसाठी एका घटनेला २ लाखांपर्यंत भरपाई. पण ही मालमत्तेची भरपाई ग्राहकाच्या नोंदवलेल्या पत्त्यावर. जुन्या घराच्या पत्त्यावरचं कनेक्शन नव्या घरात वापरणारे आणि मालकाचाच सिलिंडर वापरणारे भाडेकरू इथे अडचणीत येतात. एजन्सीत जाऊन पत्ता बदलायला काही फार पडत नाही.

घरातून काही व्यवसाय करणाऱ्या बायकांना वेगळं सांगायला हवं. गावभागातच कितीजणी ब्लाउज शिवतात, पिको-फॉल करतात, डबे देतात. घरसामानाच्या विम्यात गिऱ्हाइकांच्या साड्या येत नाहीत, विकायला आणलेला माल येत नाही. त्यासाठी 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' ही वेगळी पॉलिसी त्याच वेळी निघाली. दिवाळीच्या आधी घरात पन्नास गिऱ्हाइकांच्या साड्या असतील तर तिचा विचार जरूर करावा, कारण साडी गेली तर नुसती किंमत जात नाही, गिऱ्हाईकही जातं.

एकत्र खोली घेऊन राहणाऱ्या मुलामुलींनी हे समजून घ्यावं की एकाची पॉलिसी दुसऱ्याच्या लॅपटॉपला चालत नाही. कुटुंबातलं सामान चालतं, रूम पार्टनरचं नाही. आणि आपल्या हातून आग लागून मालकाच्या घराचं नुकसान झालं, तर तेही सामानाच्या या पॉलिसीत नाही. त्यासाठी दायित्वाचं कलम वेगळं मागावं लागतं.

माझी भाची अमेरिकेत टेक्ससमध्ये भाड्याने राहते. तिथे बहुतेक मोठ्या इमारतींत भाडेकरूने विमा काढल्याशिवाय किल्लीच देत नाहीत. महिन्याला पंधरा-वीस डॉलर जातात आणि त्यात दायित्वही येतं, हे चांगलं आहे. पण पूर त्यात नाही! पुरासाठी सरकारी योजनेतली वेगळी पॉलिसी घ्यावी लागते आणि ती साधारण तीस दिवसांनी लागू होते. आपल्याकडे पूर मूळ पॉलिसीतच आहे. ही आपली जमेची बाजू कुणाच्या ध्यानातच येत नाही.

फक्त वेळ साधायला हवी. विमा कायद्यानुसार हप्ता आधी जमा झाल्याशिवाय कंपनीची जबाबदारी सुरू होत नाही. आयर्विन पुलाजवळ पाणी ४० फुटांच्या इशारा पातळीकडे निघालं की ऑफिसात फोन सुरू व्हायचे, "आज काढून देता का?" चढत्या पुरात कुणी विमा देत नाही आणि घरात आधीच शिरलेल्या पाण्याची भरपाई मिळत नाही. मृगाच्या आधी काढा.

क्लेमच्या टेबलावर बसून शिकलेलं दोन ओळींत सांगते. यादी केली त्याच दिवशी मोबाइलवर घराचा एक सावकाश व्हिडिओ घ्या. फ्रीजच्या मागची, वॉशिंग मशीनच्या बाजूची मॉडेल नंबरची पट्टी त्यात दिसू द्या, आणि तो व्हिडिओ दुसऱ्या गावच्या नातेवाइकाला पाठवून ठेवा. पाणी ओसरल्यावर गाळ काढायच्या आधी फोटो घ्या. भिंतीवरची पाण्याची रेघ आणि तिच्याखाली फ्रीज, असा एक फोटो नुकसान मोजायला येणाऱ्या सर्व्हेअरला पुष्कळ काही सांगतो. भिजलेल्या गाद्या लगेच कचरागाडीत टाकू नका. बिलं वाहून गेली म्हणून क्लेम सोडू नका, बँकेचं स्टेटमेंट, दुकानदाराची दुय्यम प्रत, ऑनलाइन खरेदीचा इमेल हेही पुरावेच असतात. कंपनीने दाद दिली नाही तर पुण्यात विमा लोकपालांचं कार्यालय आहे. तिथे तक्रारीला फी नाही आणि वकीलही लागत नाही.

आता माझ्या मागण्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्य विमा जीएसटीतून मुक्त झाला, त्याचं मी स्वागत करते. पण घरसामानाच्या विम्यावर आजही १८ टक्के कर आहे. गरीब माणसाचा फ्रीज आणि गाद्या वाचवणाऱ्या हप्त्यावर एवढा कर कशासाठी? निदान १० लाखांपर्यंतच्या सामानाच्या विम्यावरचा कर केंद्राने काढावा. आपल्या खासदारांनी हा विषय लावून धरावा, अशी माझी त्यांना विनंती आहे. सरकारचं त्यात फारसं जाणार नाही, आणि पुरानंतर सानुग्रह अनुदानापोटी तिजोरीतून जातं त्याचा हिशोबही मग शेजारी मांडता येईल.

दुसरी मागणी राज्य सरकारकडे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत असणं बंधनकारक आहे. आता तो घरबसल्या ऑनलाइन नोंदवता येतो. त्याच ठिकाणी, करार पूर्ण होताना, भाडेकरूला सोप्या मराठीत एक पान मिळावं: मालकाच्या विम्यात तुमचं सामान येत नाही, सामानाचा वेगळा विमा मिळतो, पूर त्यात आहे, साधी घरफोडी नाही. सक्ती अजिबात नको. सक्ती झाली की त्यातून दलाली सुरू होते आणि हप्त्याचा भार शेवटी भाडेकरूवरच पडतो. त्याला माहिती द्या, निर्णय त्याचा त्याला घेऊ द्या.

तिसरी विनंती आमच्या सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेला आणि कोल्हापूरच्याही. पावसाळ्याआधी पूरपट्ट्यात ज्या नोटिसा वाटता, 'सुरक्षित स्थळी जा' म्हणून, त्या नोटिशीच्या मागच्या कोऱ्या बाजूवर हे एक पान छापा. वेगळा खर्च येणार नाही. भाडेकरूंची नावं मालमत्ता कराच्या यादीत नसतात, म्हणून नोटीस मालकाच्या नावाने निघते आणि वरच्या मजल्यावर जाऊन पडते. ती तळमजल्याच्या दाराशी, तिथे राहणाऱ्याच्या हातात द्या.

आपली,
एक निवृत्त विमा कर्मचारी आणि भाडेकरू,
गावभाग, सांगली